मुकी आग, सोयरी आग

सिगार ओढणाऱ्यांत एक जुना रिवाज आहे. काडी पेटवायची, पण ती सिगारला लावायची नाही. काडीनं आधी लाकडाची एक पातळ, वीतभर पट्टी पेटवायची, काडी विझवून टाकायची आणि पट्टीच्या ज्योतीवर सिगारचं टोक फिरवत फिरवत शेकायचं. पट्टी सीडरची असते. ती वेगळी विकत आणावी लागतेच असं नाही. सिगारच्या पेटीत दोन थरांच्या मध्ये लाकडाचा जो पापुद्रा घातलेला असतो, तोच उभा चिरला की झालं. बहुसंख्य मराठी माणसांनी सिगार पाहिला तो बाळासाहेब ठाकरे यांच्या छायाचित्रांत. त्यांना हे सगळे श्रीमंती चोचले वाटतील, आणि चोचले आहेतच. पण त्यांच्या पोटात एक रास्त प्रश्न आहे. एखादी वस्तू पेटवायची तर तिच्यापर्यंत आग नेणारी दुसरी वस्तू लागते. ही मधली वस्तू नुसती निरोप्याचं काम करत नाही, जळताना स्वतःचंही काही सोडते. ते पुढच्या वस्तूत किती उतरू द्यायचं?

हा प्रश्न केळशीसारख्या गावात, सिगारचं तोंडही न पाहता, पिढ्यान्‌पिढ्या सोडवला गेला आहे. पण तिकडे जाण्याआधी काडीचं बघू.

आगपेटीची काडी म्हणजे एक आग नव्हे, दोन आगी. पहिली गुलाची. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस, काचेची पूड असा मसाला असतो आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस. घासलं की दोघांची गाठ पडते, भस्सकन जाळ होतो आणि नाकात झोंबतं ते गंधकाचं सल्फर डायॉक्साइड. ही आग क्षणभराची. तिच्या मागून दुसरी येते ती लाकडाची, आणि ती अगदी गरीब आग असते. काडीचं लाकूड मुद्दामच तसं निवडतात. आपल्याकडे काटेसावर या कामी फार गेली: हलकी, मऊ, राळ नाही, वास नाही. गुलाकडची बाजू पॅराफिनमध्ये बुडवलेली असते, म्हणून गुलाची आग काडीवर उतरते. आणि फुंकर मारल्यावर काडी निखाऱ्यासारखी धुमसत राहू नये म्हणून तिला अमोनियम फॉस्फेटचं पाणी पाजलेलं असतं. विम्को ही कंपनी १९२३ साली निघाली, तिचा एक कारखाना अंबरनाथला होता. त्या नावाच्या पेट्या ज्यांनी घरात पाहिल्या त्यांनी या दोन आगी हजारो वेळा हातात धरल्या आहेत, वेगळ्या म्हणून ओळखल्या नसतील एवढंच.

जाणता विडीवाला मात्र ओळखतो. काडी ओढून लगेच विडीला लावणारा आणि गूल जळून जाईतो हाताचा आडोसा करून थांबणारा, यांत फरक आहे. पहिल्याच्या तोंडात पहिला झुरका गंधकाचा येतो. दुसरा जे करतो तेच सीडरची पट्टी करते, फक्त जास्त सावकाशीनं. काडीची दुसरी आग चार-पाच झुरक्यांना पुरत नाही. विडीला तेवढी लागतही नाही. सिगार अंगठ्याएवढा जाड, पानं दमट, घट्ट वळलेली. त्याचं अख्खं तोंड सारखं लाल व्हायला अर्धा मिनिट तरी जातं. म्हणजे पट्टी ही काही निराळी करामत नाही, काडीच्याच दुसऱ्या आगीला दिलेली लांबी आहे.

आता केळशी. दापोली तालुक्याच्या उत्तर अंगाला, भारजा नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, किनाऱ्यावरची वाळूची टेकडी, दक्षिणेला उटंबरचा डोंगर, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहीत असतं. मला सांगायचं आहे ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमागच्या न्हाणीबद्दल. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अजून पुष्कळ घरांत वाडीतल्या पडझडीवरच तापतं. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळानं दापोली-मंडणगडच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा तर सरपणाला तोटा उरला नाही; रडावं की चूल पेटवावी असा तो काळ होता.

या चुलीत आग कशी चढवतात ते बघण्यासारखं आहे. लाकडाला थेट काडी कोणी लावत नाही. आधी चुडताची, म्हणजे नारळाच्या झावळीची, सुकी पाती मूठभर, दुमडून. ती भुरकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते, पण तेवढ्यात पोय धरते. पोय म्हणजे नारळाच्या फुलोऱ्यावरचं ते होडीसारखं वेष्टण; सुकलं की टणक, जळायला खुशाल. पोयीवर सोडणं, म्हणजे नारळाची काथ्याची सालं, रचायची. ती जाळ कमी देतात, धुमसतात जास्त, पण एकदा आत लाल झाली की तास-तास टिकतात. करवंटी शेवटी. तिचा जाळ तिखट, पिवळा, काजळीचा. पाणी पटकन उकळतं आणि हंड्याचं बूड काळंकुट्ट होतं. या जिन्याची प्रत्येक पायरी खालच्या पायरीकडून आग घेते आणि वरच्या पायरीला देते. काडीचा गूल सर्वांत खाली. त्याचा वास पाण्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नसतो.

याच चुलीपाशी बसून विडी पेटवणारा म्हातारा करवंटीच्या जाळाला विडी लावणार नाही. जाळ हाताशी आहे, मोठा आहे, तरी नाही. तो चिमट्यानं सोडणाचा लाल तुकडा उचलील, वरची राख फुंकून उडवील आणि विडीचं टोक त्यावर टेकवून गाल आत ओढील. कारण विचारलं तर सांगणार नाही. तसं करायचं असतं एवढंच त्याला ठाऊक.

कारण लाकडाच्या जळण्यात आहे. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. मग अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास त्याचे घटक फुटतात आणि वायू व तेलकट वाफा बाहेर पडतात. ज्योत दिसते ती या वायूंची. अर्धवट जळालेल्या वाफा म्हणजे धूर, आणि लाकडाचा जो काही वास असेल तो सगळा याच टप्प्यात निघतो. हे सर्व निघून गेल्यावर मागे राहतो कोळसा. तो ज्योतीशिवाय, नुसत्या हवेशी गाठ पडून लाल जळत राहतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. आंब्याचा निखारा, जांभळीचा निखारा आणि सोडणाचा निखारा नाकाला जवळपास सारखेच. म्हणून निखारा ही मुकी आग.

मुक्या आगीची किंमत धूप घालणाऱ्याला सर्वांत चांगली कळते. धुपाटण्यात जाळ कोणी घेत नाही. देवळात धूप असो की दर्ग्यात ऊद, आधी धूर संपलेले निखारे निवडून घ्यायचे आणि मग त्यावर चिमूट सोडायची. निखाऱ्याखाली अर्धवट जळलेलं एखादं ढलपं राहिलं तर उदाच्या वासात लाकडाचा धूर मिसळतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. हुक्क्याचंही तेच. हुक्क्याच्या चिलमीवर ठेवायला कोळशाच्या भुकटीचे खास गोळे वळत. तंबाखू दख्खनमध्ये आली पोर्तुगीजांच्या वाटेनं. आणि १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग यानं ती विजापूरहून दरबारात नेली तेव्हा ओढण्याचा सगळा सरंजामही बरोबर नेला. विजापूरकरांचं मोठं बंदर दाभोळ, ते आजच्या दापोली तालुक्यातलंच, त्यामुळे हे नवं व्यसन या किनाऱ्याला काही दूरचं नसणार. हुक्का श्रीमंतांचा, विडी गरिबांची, पण आग दोघांचीही कोळशाची.

आणि मग सुंभ. सीडरच्या पट्टीचा आपल्याकडचा खरा जोडीदार हाच. पानाच्या ठेल्यावर खांबाला काथ्याचा दोर टांगलेला असे, खालचं टोक पेटलेलं. ज्योत नाही, नुसता बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका आणि त्यावर राखेची टोपी. गिऱ्हाइकानं यायचं, एक विडी किंवा एक सिगारेट सुटी घ्यायची, सुंभ हातात धरून राख झटकायची, टोक टेकवून दोन झुरके ओढायचे आणि चालू लागायचं. दिवसभरात दोर हातभर कमी होई. दुकानदाराला काड्यांचा खर्च नाही, गिऱ्हाइकाला पेटी बाळगायला नको.

काथ्याच का, याला उत्तर आहे. नारळाच्या काथ्यात लिग्निन फार, शेकडा चाळीसच्या पुढे. कापसात ते जवळजवळ नाहीच. लिग्निन जळताना वायू कमी सोडतं आणि कोळसा जास्त ठेवतं. त्यामुळे काथ्या भडकत नाही, धुमसतो, आणि जळून गेल्यावरही कोळशा-राखेचा सांगाडा दोराच्या वळणाचाच राहतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही हे आपण हेकट माणसाला उद्देशून म्हणतो. म्हण घडवणाऱ्यानं ते ठेल्यावर किंवा चुलीपाशी डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

सुंभाची खरी मजा वाऱ्यात. केळशीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी काडी पेटवायची तर वाऱ्याकडे पाठ, खांदे वर, ओंजळीत काडी, आणि तरी तीनांतल्या दोन विझतात. ज्योत हा वायूंचा खेळ. वाऱ्यानं ते वायू उडवून नेले की संपलं. निखाऱ्याचं उलट. त्याला वारा म्हणजे खाऊ. जितका वारा तितका तो लाल, तितका तापलेला. होडीवर नाळेकडे बसलेल्या माणसाला ज्योतीचा उपयोग शून्य, धुमसत्या दोराचा शंभर टक्के. आगपेटी येण्याआधी चकमक झाडायचे तेव्हाही हीच अक्कल होती. ठिणगी सरळ ज्योतीत जात नाही. ती मऊ, धुमसणाऱ्या कशात तरी झेलावी लागते. भेर्ली माडाच्या झापांच्या बुडाशी जो भुरा कापूस सुटतो, तो या कामी वापरत.

हे मनात धरून पुन्हा सीडरकडे आलं की एक अडचण दिसते. सीडरची पट्टी मुकी नाही. ती ज्योतीनं जळते, म्हणजे जळण्याच्या अगदी बोलक्या टप्प्यात सिगारला भेटते. तिला वास आहे, आणि चांगला घमघमीत आहे. आग मुकी असावी एवढाच नियम असता तर सिगारवाल्यांनी निखाऱ्याचा चिमटा हातात धरला असता. त्यांनी वास असलेलंच लाकूड का निवडलं?

सिगारचं सीडर हे सीडर नव्हे. खरे सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार आणि त्याचे लेबाननकडचे भाईबंद. ती सूचिपर्णी, तेलाने भरलेली झाडं. (मुंबईकडे परदेशी खोक्यांच्या कुठल्याही फिक्या लाकडाला देवदार म्हणायची पद्धत आहे, तिकडे दुर्लक्ष करावं.) देवदाराच्या ढलपीवर सिगार शेकला तर तेलाचा धूर आणि काजळी दोन्ही तोंडात येतील. सिगारच्या पेटीचं झाड अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं सेड्रेला ओडोराटा. ते कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत त्याचा सख्खा नातेवाईक आहे, तूण. काही भागांत त्याला कुरक म्हणतात. जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी तुणीला सेड्रेलाच्याच घरात घातलं होतं, नंतर वेगळं काढलं. लाकूड तसंच तांबूस, हलकं, वासाचं. त्यापासून चहाच्या पेट्या झाल्या आणि सिगारच्या पेट्याही झाल्या.

सेड्रेलाच्या पेटीत सिगार ठेवतात ते शोभेसाठी नाही. हे लाकूड दमटपणा घेतं आणि सोडतं, त्यामुळे आतली हवा एकसारखी राहते. दमटपणात सहसा वाकत नाही. आणि त्याच्या वासाला तंबाखूतले किडे बिचकतात असं मानतात. सिगार त्या पेटीत महिने, कधी वर्षं पडून असतात. तेवढ्या काळात लाकडाचा वास पानांत मुरतोच. आता पट्टीचा वास परका राहिला कुठं? सिगार ज्या घरात वाढला त्याच घराची एक फळी त्याला पेटवायला येते. ती बोलते, पण त्याच घरातलं बोलते. ही सोयरी आग.

म्हणजे मधल्या वस्तूचा परकेपणा घालवायच्या दोन वाटा झाल्या. एक, तिला बोलण्याजोगं काही ठेवायचं नाही: निखारा, सुंभ, हुक्क्याचा कोळसा. दुसरी, तिला पेटणाऱ्या वस्तूच्याच गोतातली निवडायची. कोकणी स्वयंपाकघराला दुसरी वाटही अनोळखी नाही. सोडणाच्या धगीवर भाजलेल्या बांगड्याला जो धुरकट वास लागतो तो कोणाला खुपत नाही, कारण ताटात शेजारी नारळाचंच सारं असतं. त्याच बांगड्याखाली रॉकेलवर पेटवलेली लाकडं घाला, बघा ताट परत येतं की नाही.

सोयरेपणाची ही वाट सर्वांत टोकापर्यंत नेली ती याज्ञिकांनी. अग्निहोत्राचा अग्नी दुसऱ्या कशावरून आणायचाच नाही, लाकडातूनच काढायचा. दोन अरणी एकमेकींवर घुसळायच्या, आणि त्या अरणीही शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या. मधला निरोप्याच काढून टाकला. पुढे त्या अग्नीत काय घालायचं याचाही हिशेब असतो. नवग्रहांच्या होमात रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, आणि राहू-केतूंना दूर्वा-दर्भ. इथं वासाचा विचार नाही, अधिकाराचा आहे. पण कोणतंही लाकूड कोणत्याही आगीला चालत नाही, ही समजूत मराठी घरात सिगारच्या कितीतरी आधी येऊन बसलेली आहे.

आता स्पष्ट विचारायचं तर, सीडरच्या पट्टीनं चवीत फरक खरंच पडतो का? माझं मत: पडतो, पण तो सीडरमुळे नव्हे, सीडर येईपर्यंत गूल जळून गेलेला असतो म्हणून. गंधकाचा झटका टळतो, हा फायदा पक्का. पट्टीचा स्वतःचा सुवास दोन-तीन झुरक्यांत तंबाखूखाली गाडला जातो. नंतर तो जाणवतो म्हणणाऱ्यांच्या नाकापेक्षा त्यांच्या हौसेचं कौतुक करावं. तिसरा एक फायदा मात्र मला खरा वाटतो. लाकडाची ज्योत मऊ आणि रुंद असते, गॅसच्या भाल्यासारखी एका जागी टोचत नाही. तंबाखू एका बाजूनं करपत नाही, आणि करपलेल्या तंबाखूचा कडवटपणा सिगारभर पुरतो.

गॅसच्या लायटरनं दोन्ही वाटा ओस पाडल्या आहेत. शुद्ध ब्युटेनला वास जवळपास नसतो. म्हणजे निखाऱ्याइतकाच तो मुका. त्यात जोराच्या झोताचे लायटर आले आणि सुंभाचा वाऱ्यातला मानही गेला. दोर टांगणाऱ्या ठेल्यांना कायद्यानंही खालून ओढलं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. अशा जागी काड्या, लायटर, राखदाणी ठेवू नये असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी घातली. सुट्या विक्रीचं आणि सुंभाचं नातं जवळचं. ज्याच्याकडे बंडल असतं त्याच्याकडे पेटीही असते. एकटी विडी घेणाऱ्यालाच दुकानाची आग लागते. बंदी कागदावर किती आणि रस्त्यावर किती हा भाग वेगळा, पण दोर दिसेनासा झाला. आगपेटीही १ डिसेंबर २०२१ पासून रुपयाची दोन रुपयांची झाली, तरी अजून सर्वांत स्वस्त आग तीच. तिकडे सेड्रेलाची जंगलं इतकी तुटली की २०२० पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. जाळायची पट्टी परवान्याच्या लाकडाची, हे म्हटलं तर गमतीचं आहे. तरी ती पट्टी टिकेल असं वाटतं, कारण ती मुळात उरलेल्या पापुद्र्याचा उपयोग आहे. पेटीबरोबर आलेलं लाकूड फेकायचं कशाला, हा हिशेब पोय आणि सोडण चुलीत घालणाऱ्या केळशीकराला समजावून सांगावा लागणार नाही.

काथ्याचं काम मात्र वाडीत संपलेलं नाही. पावसाळ्यात गोठ्यात डास-गोमाशा झाल्या की संध्याकाळी घमेल्यात सोडणाचे निखारे घ्यायचे आणि त्यांवर मुद्दाम ओलसर सोडण टाकायचं. सुकं टाकलं तर ते लाल होईल आणि काही बोलणार नाही. ओलं असलं की पाणी उडता उडता आग मंद राहते, वाफा पुऱ्या जळत नाहीत, आणि दाट पांढरा धूर गोठाभर पसरतो. ज्या सोडणावर म्हातारा सकाळी बिनधुराची विडी पेटवतो, त्याच्याकडूनच संध्याकाळी हवा तेवढा धूर काढून घेता येतो, फक्त ते ओलं असावं लागतं.